भंगारातला किरण

दिवाळीला पंधरा दिवस उरले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक टाकणाऱ्यांचा आणि दुसरा ठेवणाऱ्यांचा. पहिल्या पक्षात सौभाग्यवती, दोन्ही मुले आणि कामाला येणाऱ्या मावशी. दुसऱ्या पक्षात मी एकटा. लोकशाहीत अशा पक्षाचे काय होते ते सांगायला नको. माळ्याला शिडी लागते, वरून एकेक वस्तू खाली येते, तिच्यावरची धूळ माझ्या तोंडावर झटकली जाते आणि प्रश्न येतो, "हे ठेवायचं आहे का?" प्रश्नाचा सूर असा असतो की "हो" म्हणणाऱ्याला आपण एखादा गुन्हा कबूल करीत आहोत असे वाटावे. वडिलांचा जुना रेडिओ, थोरल्याची तीनचाकी सायकल, दांडा तुटलेले पितळी बंब-झाकण आणि शेवटी एक पत्र्याची ट्रंक. त्या ट्रंकेत काय आहे ते मागाहून सांगेन. तूर्त एवढेच, की दर वर्षी ती खाली येते आणि दर वर्षी मी ती न उघडता परत वर सरकवतो.

या सदराच्या वाचकांना माझा हा स्वभाव नवा नाही. पण या वर्षी मी ज्या वस्तूसाठी भांडलो ती माझ्या घरातली नव्हती, माझ्या विषयातली नव्हती, आणि ती नेमकी काय आहे हेसुद्धा भांडण सुरू होईपर्यंत मला ठाऊक नव्हते.

गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची. आमच्या महाविद्यालयाला नॅकची समिती भेट देणार होती. पाहुणे यायचे म्हटले की घरातली अडगळ पलंगाखाली जाते. महाविद्यालयाला पलंग नसल्यामुळे तिथे समिती नेमावी लागते. तिचे नाव निर्लेखन समिती. हा शब्द ज्याने बनवला त्याला माझा नमस्कार आहे. लेखन म्हणजे लिहिणे, निर्लेखन म्हणजे लिहिलेले पुसणे. डेड स्टॉक रजिस्टरात एकदा नोंदलेली वस्तू, मग ती मोडो, गंजो वा उंदरांच्या तोंडी लागो, समितीच्या तीन सह्या झाल्याखेरीज अधिकृतपणे मरत नाही. या तीन सह्या म्हणजे त्या विभागाच्या प्रमुखाची, कार्यालयीन अधीक्षकांची आणि एका त्रयस्थ प्राध्यापकाची. त्रयस्थ म्हणून मराठीचा माणूस फार सोयीचा. त्याला यंत्रातले काही कळत नाही, त्यामुळे तो प्रश्न विचारीत नाही; आणि त्याची सही सुवाच्य असते.

मी या समितीवर दुसऱ्यांदा होतो. पहिल्या खेपेस, त्याच्या दोन वर्षे आधी, चहाचा कप संपायच्या आत मी चाळीसएक नगांवर सही केली होती. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मला ते विसरता येत नाही.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी भंगारवाला आपला काटा घेऊन आधीच हजर होता. लांबलचक टेबलावर मरणोन्मुख मंडळी ओळीने मांडलेली होती: काटा न हलणारी गॅल्व्हनोमीटरे, भिंगे हरवलेल्या दुर्बिणी, आम्ल सांडून पांढऱ्या पडलेल्या बॅटऱ्या. सगळ्यांच्या शेवटी एक सागवानी पेटी होती, हार्मोनियमपेक्षा लांब आणि अरुंद. इतरांवर बोटभर धूळ होती. ही पेटी मात्र स्वच्छ, आणि तिच्या झाकणाला झेंडूची एक वाळकी पाकळी चिकटलेली.

अधीक्षकांनी रजिस्टरातून वाचले, "लेसर, हेलियम-निऑन, एक नग, विद्युतपेटीसह, खरेदी १९८४, बंद." भंगारवाल्याने पेटी काट्यावर ठेवली. सहा किलो आणि वर थोडे. "लाकूड वेगळं, तांबं वेगळं. काच फेकायची," तो म्हणाला. विभागप्रमुख मॅडमनी सही केली, अधीक्षकांनी केली आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकले.

"सर, एक बोलू का?"

आवाज मागून आला. प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना सारे महाविद्यालय मामा म्हणते, ते हातातले फडके घडी करीत उभे होते. "मी नव्वद साली लागलो तेव्हा ही पेटत होती. हिचा लाल ठिपका भिंतीवर पडला की आख्खा वर्ग गप्प व्हायचा. पाचएक वर्षांनी विझली. पण दर दसऱ्याला हिला फूल वाहतोय मी. आता मे महिन्यात मी रिटायर होणार. मी असेपर्यंत राहू द्या, एवढंच."

मामांच्या बोलण्यात मागणी होती, पण हट्ट नव्हता. म्हणूनच की काय, माझा पेनचा हात थांबला. मॅडम समंजसपणे म्हणाल्या, "सर, तीस वर्षं बंद आहे ते. आता मुलं प्रयोगाला डायोड लेसर वापरतात. तसला पॉइंटर रस्त्यावर शंभर रुपयांत मिळतो. आणि मला या कपाटात संगणक ठेवायचे आहेत." त्यांचे काहीच चुकत नव्हते. तरीही मी म्हणालो, "एवढ्या एका नगावर मी आठ दिवसांनी सही करतो." समितीच्या इतिहासात त्रयस्थ सभासदाने काढलेले हे पहिलेच वाक्य असावे. भंगारवाला शनिवारी टेम्पो घेऊन पुन्हा येणार होता. तेवढी मुदत मला मिळाली.

मुदत घेतली खरी, पण त्या मुदतीत करायचे काय? मामांनीच पत्ता सांगितला. ज्यांनी ही पेटी आणवली ते जुने सर अजून गावातच असतात. ऐंशी उलटून गेली आहे. संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. मला वाटले होते, जुन्या वस्तूचे नाव काढताच म्हातारा गहिवरेल. छे! सर ओट्यावर शेंगा सोलीत होते, ते तसेच सोलीत राहिले.

"मराठीचे ना तुम्ही? मग एक सांगा. नळी मेली आहे की उपाशी आहे?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"मेली असेल तर खुशाल भंगारात द्या. मेलेलं जपू नये. पण उपाशी असेल आणि तुम्ही ती मेली म्हणून टाकलीत, तर ते पाप. नळीच्या आत एका बाजूला आरशासारखा डाग दिसेल. तो चकचकीत आहे की दुधासारखा पांढरा, ते बघून या."

दुसऱ्या दिवशी मामांनी पेटी उघडली. आत मखमलीवर एक काचेची नळी निजली होती. पोटात आणखी एक केसासारखी बारीक नळी, आणि दोन्ही टोकांना नखाएवढे दोन आरसे. डाग सापडला. चकचकीत होता, नव्या चमच्यासारखा. सरांना सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शेंगांचे ताट बाजूला ठेवले.

तो डाग बेरियम धातूचा. नळीत चुकून शिरलेली हवा गिळून टाकायला तो मुद्दाम बसवलेला असतो. हवा जास्त झाली की तो पांढरा पडतो आणि मग नळीची आशा सोडावी. आमचा पहारेकरी अजून जागा होता. "याचा अर्थ चोर आत आलेला नाही," सर म्हणाले, "घरातलाच एक जण निघून गेला आहे."

निघून गेलेला तो हेलियम. आता या नळीचा संसार काय असतो ते मला सरांनी सांगितले तसे सांगतो. शास्त्राच्या जाणकारांनी माझी भाषा पोटात घालावी.

नळीत दोन वायू असतात, हेलियम आणि निऑन. साधारण दहा वाटे पहिला आणि एक वाटा दुसरा. दोन्ही अगदी विरळ. बाहेरच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा भरतो, आतला उणापुरा दोन-तीन. या विरळ संसारातून हजार-दीड हजार व्होल्टची वीज खेळवतात. विजेचा मार मुख्यतः हेलियम खातो. पण मिळालेली शक्ती तो लगेच उधळीत नाही, जपून धरतो. आणि निऑनचा अणू येऊन आदळला की सगळी त्याच्या पदरात टाकतो. निऑन मात्र खर्चिक. तो ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. हा प्रकाश दोन आरशांच्या मध्ये येरझारा घालतो, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक भारलेल्या निऑनला आपल्याच तालात प्रकाश टाकायला लावतो. एका आरशातून शंभरातला एखादा हिस्सा बाहेर निसटतो. तोच तो लाल किरण. साधा दिवा म्हणजे बाजारातला गलका, ज्याला जे सुचेल ते तो ओरडतो. लेसर म्हणजे वारीतली दिंडी: माणसे शेकडो, टाळ एक.

हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार दिवाळखोरीचाच. वीसेक वॉट वीज घ्यायची आणि वॉटाचा हजारावा भाग प्रकाश द्यायचा. पण तो हजारावा भाग अशा एका रेषेत चालतो की त्याच्याकडे सरळ डोळा लावू नये, हे सरांनी मला तीनदा बजावले.

मी शब्दांचा माणूस. घरी येऊन कोश उघडला. हेलियम हे नाव ग्रीक 'हेलिओस' या शब्दावरून, म्हणजे सूर्य. निऑन 'निओस'वरून, म्हणजे नवा. सूर्य आपली शक्ती नव्याच्या हाती देतो आणि त्यातून किरण निघतो. नावे ठेवणाऱ्यांना लेसरचे स्वप्नही पडले नव्हते. हेलियमची पिवळी रेघ प्रथम सूर्याच्या प्रकाशातच दिसली. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण पाहायला जान्सन हे फ्रेंच ज्योतिर्विद आंध्रातल्या गुंटूरला आले होते; त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ग्रहणाशिवायच ती रेघ टिपली. कोकणात विजयदुर्गाच्या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियम इथेच सापडला असे अभिमानाने सांगतात. नोंदी गुंटूरकडे बोट दाखवतात, पण ओट्यांवर बसून समुद्राकडे पाहताना नोंदी कोण वाचतो! पृथ्वीवर हा वायू हाती लागायला १८९५ साल उजाडले. रॅम्झी यांनी तो एका खनिजातून मिळवला, आणि १८९८ मध्ये ट्रॅव्हर्स यांच्या जोडीने निऑन शोधला.

या दोघांचे लग्न लागले १९६० साली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर चमकवून दाखवला होता, पण तो चमकून विझणारा, फटाक्यासारखा. सतत तेवणारा किरण हवा होता. तेहरानमध्ये जन्मलेले अली जावन आणि त्यांचे सहकारी बेनेट व हेरियट यांनी १२ डिसेंबर १९६० रोजी वायूच्या नळीतून तो मिळवला. गंमत अशी, की तो डोळ्यांना दिसतच नव्हता. तो अवरक्त होता. दुसऱ्याच दिवशी त्या न दिसणाऱ्या किरणावरून त्यांनी टेलिफोनचे बोलणे पाठवले. दिसणारा लाल किरण १९६२ मध्ये तिथल्याच व्हाइट व रिग्डन यांनी काढला. आणि १९६४ मध्ये याच प्रयोगशाळेत कार्बन डाय-ऑक्साइडच्या वायूतून जबरदस्त ताकदीचा लेसर ज्यांनी बनवला ते कुमार पटेल आपल्या बारामतीत १९३८ साली जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. आज पोलादाचे पत्रे कापणाऱ्या आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या कितीतरी यंत्रांच्या वंशावळीत बारामतीचे नाव लागते. उसाच्या पट्ट्याबाहेर त्या गावाची ही कीर्ती फारशी कोणी सांगत नाही.

लाल किरणाने तर पुढे सामान्य माणसाच्या पिशवीत हात घातला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय नावाच्या गावच्या दुकानात, च्युइंग गमच्या पुडक्यावरच्या काळ्या रेघा प्रथमच वाचल्या गेल्या त्या हेलियम-निऑनच्या उजेडात. मोठमोठे लेसर छपाईयंत्र, चित्रपटाच्या तबकड्या वाजवणारी यंत्रे, इस्पितळात रुग्णाला किरणोपचारासाठी नेमके निजवणारे लाल दिवे, सगळीकडे या नळ्या बसल्या. मग तांदळाच्या दाण्याएवढा डायोड आला, स्वस्त आणि काटक. नळ्यांची सद्दी संपली आणि त्या हजारोंनी उकिरड्यावर गेल्या.

परदेशात त्या उकिरड्यावरून उचलून आणणाऱ्यांचा एक पंथच आहे. कोणी जुन्या दुकानांची वाचकयंत्रे उघडून नळ्या सोडवतो, कोणी बंद पडलेल्या प्रयोगशाळांच्या लिलावाला जातो. वायू-लेसरांत आर्गॉनचा निळाहिरवा लेसरही असतो. बरीच वर्षे नेत्रतज्ज्ञ त्याने डोळ्यांच्या पडद्यावर उपचार करीत. त्यातल्या मोठ्यांना थंड पाण्याचा प्रवाह आणि घसघशीत वीज लागते, म्हणून त्यांना घरी नेणारे थोडे. पण एक गोष्ट आपल्याकडच्या भंगारवाल्यांनाही कळायला हवी. त्यांपैकी अनेकांची आतली नळी बेरिलियम ऑक्साइडची असते, आणि ती फोडली तर तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. म्हणजे जुने यंत्र न फोडणे हे केवळ हौसेचे काम नाही. आमच्या सागवानी पेटीत तसले विष नव्हते. भीती होती ती विजेची. यंत्र बंद केल्यावरही त्याच्या पोटात भार दबा धरून बसतो. म्हणून विद्युतपेटीला मी हात लावला नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका तरुण सहकाऱ्याने ती उघडली, तिच्यातले फुगलेले कंडेन्सर बदलले आणि शुक्रवारी दुपारी बटण दाबले.

नळी पेटली! आतली बारीक रेघ लालसर नारिंगी उजळली आणि मामांनी चक्क हात जोडले. पण भिंतीवर ठिपका नव्हता. टोकाशी कागद धरला. कागद कोराच राहिला. दुसऱ्या दिवशी टेम्पो यायचा होता. मी सरांना फोन केला.

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "निऑन आहे, हेलियम नाही. खर्च करणारा घरी बसला आहे आणि कमावणारा गेला आहे. आता त्याला परत आणायचं."

हेलियमचा अणू इतका बारीक की तो काचेतूनही हळूहळू झिरपतो, आणि आमच्या नळीचे आरसे तर काचेला डिंकासारख्या रसायनाने चिकटवलेले. त्या फटीतून तो वर्षानुवर्षे निसटत राहिला. बाहेरच्या हवेत हेलियम दहा लाखांत पाच भाग, तो काय परत येणार? पण नळीभोवती निव्वळ हेलियम भरला तर? आत होता तो दोन मिलिमीटरच्या दाबाने, बाहेर राहील तो ७६० च्या दाबाने. जवळजवळ पावणेचारशे पट. म्हणजे जायला ज्याला दहा वर्षे लागली तो दहा दिवसांत परत यायला हरकत नाही. चोरवाट तीच, तिनेच पाहुणा घरी आणायचा.

शनिवारी मी मॅडमच्या घरी गेलो आणि हे सगळे, मराठीच्या माणसाला जमेल तितके, समजावून सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, हा गणिताचा भाग तुम्ही बरोबर सांगितलात, म्हणून पंधरा दिवस देते." टेम्पो पेटीविना गेला.

हेलियम आणायचा कुठून? वाढदिवसाच्या फुगेवाल्याकडून! मात्र सरांनी ताकीद दिली होती, की नळकांड्यावरचे नाव स्वतः वाचल्याशिवाय गॅस घ्यायचा नाही, कारण स्वस्त पडतो म्हणून फुग्यांत हायड्रोजन भरणारेही असतात, आणि तो विजेच्या ठिणगीशेजारी आणणे म्हणजे प्रयोगशाळेत अवेळी दिवाळी. योग्य फुगेवाला सापडला. त्याला काम सांगितले तेव्हा त्याने विचारले, "फुगे कुठल्या रंगाचे?" फुगे नकोत म्हणताच तो आमच्याकडे संशयाने पाहू लागला. प्लंबरकडून आणलेला पाइप, वरचे तोंड बंद, खालचे तोंड प्लास्टिकने बांधलेले, आत नळी उभी. हेलियम हलका, तो वर चढून बसतो. दर दोन दिवसांनी मामा तो पुन्हा भरून आणीत. चौथ्या दिवशी नळी काढून पेटवली, काही नाही. आठव्या दिवशी काही नाही. मॅडम येता-जाता पाइपाकडे पाहत आणि काही बोलत नसत. न बोलणे हेही एक बोलणेच असते.

बाराव्या दिवशी संध्याकाळी सर स्वतः आले, नातवाच्या स्कूटरवर बसून. दिवे मालवले. बटण दाबले. रेघ उजळली, या वेळी रंग थोडा फिकट, गुलाबीकडे झुकणारा. आणि समोरच्या भिंतीवर, फळ्याच्या शेजारी, एक लाल ठिपका.

फार मोठा नव्हता. ज्वारीच्या दाण्याएवढा. पण खोलीतली पाच माणसे गप्प झाली. मामांनी सांगितले होते ते खरे होते.

पहिल्यांदा बोलल्या त्या मॅडम. "पण सर, असा ठिपका पॉइंटरसुद्धा देतो." त्या वाद घालीत नव्हत्या, शिक्षकाने विचारावा तसा तो प्रश्न होता. सरांनी मामांकडून पोलादी पट्टी मागितली, टेबलावर आडवी ठेवली आणि किरण तिच्या मिलिमीटरच्या रेघांना चाटून जाईल असा तिरका सोडला. भिंतीवर एकाचे अनेक ठिपके झाले, एकावर एक, शिडीसारखे. "या ठिपक्यांमधली अंतरं मोजा आणि प्रकाशाच्या लाटेची लांबी काढा." १९६५ मध्ये शॉलो यांनी हा पट्टीचा प्रयोग लिहून काढला तेव्हापासून जगभरची मुले तो करतात. टेप माझ्या हातात आला. गुणाकार-भागाकार मी करीत गेलो, चुका मॅडम दुरुस्त करीत गेल्या. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर माझे उत्तर आले ६५१ भाग.

"खरं उत्तर ६३२.८," सर म्हणाले. "मराठीच्या मानानं वाईट नाही."

मग ते मॅडमकडे वळले. "पॉइंटरनंही हा प्रयोग होतो. पण त्याचं खरं उत्तर तुम्ही मुलांना काय सांगणार? दोन पॉइंटरांचं उत्तर सारखं येत नाही. खोली तापली तरी ते सरकतं. इथे उत्तर निऑनच्या अणूनं ठरवलेलं आहे. जावनच्या देशात तेच, आपल्या गावात तेच. आणि मुलाला यात सगळं दिसतं: नळी, आरसे, पेटलेला वायू. डायोडमध्ये काय दिसतं? झाकण." मला मागाहून कळले, की मीटरची लांबी १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावरून ठरते आणि ती प्रत्यक्षात उतरवून दाखवण्यासाठी मापनशाळांत जी साधने वापरतात त्यांत आयोडीनच्या वाफेने स्थिर केलेला हेलियम-निऑन लेसर मानाचा आहे. आमच्या पेटीतली नळी त्याच घराण्यातली. गरीब शाखेतली म्हणा हवे तर.

मॅडमनी पट्टी स्वतःकडे ओढली आणि पुन्हा मोजायला बसल्या. कपाटाचा विषय त्या दिवशी संपला.

जाता जाता सरांनी विचारले, "आणि दुसरा कुठे आहे? ॲल्युमिनियमच्या नळकांड्यातला? छ्याण्णव साली घेतलेला?"

कोणी बोलेना. मला आठवले. दोन वर्षांपूर्वीचा चहा, आणि चाळीस नगांच्या यादीत एक ओळ: लेसर, बंद, एक नग.

"त्याची नळी मेलेली असणं शक्य नव्हतं," सर म्हणाले. "तिचे आरसे काच वितळवून बसवलेले होते, तसल्या नळ्यांतून हेलियम सहसा जात नाही. फार तर आतला एखादा रोधक जळला असेल. दहा रुपयांचा." त्यांनी कोणाला दोष दिला नाही. चपला घातल्या आणि नातवाच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले. मी मात्र तो रजिस्टर मागून घेतला आणि घरी न जाता बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसलो. सही खरोखरच फार सुवाच्य होती.

त्या रजिस्टरात मी या वर्षी एक ओळ लिहिली: "निर्लेखन रद्द. नळी चालू स्थितीत. दर वर्षी पेटवून पाहावी." त्याखाली तिघांच्या सह्या आहेत. लेख, प्रस्तावना, परीक्षणे असे बरेच लिहीत असतो मी; पण एखाद्या वस्तूच्या कामी आलेले माझे लिखाण एवढेच. नॅकच्या समितीने पेटीकडे पाहिले की नाही, ठाऊक नाही. मामा मे महिन्यात निवृत्त झाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र ते झेंडूची दोन फुले घेऊन हजर होते. एक पेटीला वाहिले. दुसरे कुठे वाहायचे ते त्यांना कळेना, म्हणून तेही पेटीवरच ठेवले. किरण किंचित मंदावला आहे असे मॅडम म्हणाल्या. हेलियम पुन्हा झिरपणारच. दोन-चार वर्षांनी पुन्हा फुगेवाल्याकडे जावे लागेल. त्यांनी त्याचा नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे.

आता ट्रंकेचे सांगतो. ही सगळी हकिकत मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितली होती. विशेषतः "मेली की उपाशी" हा सरांचा दाखला मी इतक्या वेळा दिला की मुले तो म्हणीसारखा वापरू लागली. परवा माळा काढताना तीच कसोटी लागू झाली. रेडिओ: उपाशी, ठेवला. सायकल: मेलेली, दिली. बंबाचे झाकण: बंबच नाही, दिले. मग ट्रंक खाली आली. सौभाग्यवतींनी या खेपेस ती मला न विचारता उघडली. आत माझ्या पीएच. डी.च्या प्रबंधाची टिपणे होती. चौदा वर्षांपूर्वी तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर एक वाक्य थांबले होते, ते अजून तिथेच उभे होते.

त्यांनी कंबरेवर हात ठेवून विचारले, "अहो, हे मेलंय की उपाशी?"

मी चकचकीत डाग कुठे दिसतो का ते पाहू लागलो. मग टिपणांचा गठ्ठा झटकला, आणि ट्रंक या वर्षी माळ्यावर न ठेवता टेबलाखाली ठेवली. दिवाळी झाली की बघतो.